ताइवो फोटोत बरा आला

रौफू फोटोवाल्याच्या दर्शनी कपाटात आपला भाऊ ऐसपैस बसलाय हे दिसलं आणि केहिंदे आगबेनी बाजाराच्या भर रस्त्यात असा काही थांबला, की मागून डोक्यावर कोनफळांची पाटी घेऊन येणारी बाई त्याच्या पाठीवर येऊन आपटली. "थांबायचं तर आधी सांगून थांब की रे, गाढवा!" बाई म्हणाली. एरवी केहिंदेनं माफी मागितली असती, दोनदा मागितली असती, तिची पाटीसुद्धा सावरून दिली असती. कोकोच्या गोदामातला मापाडी माणूस, सगळा जन्म काटा सरळ ठेवण्यात गेलेला, आपला धक्का कुणाला लागू नये म्हणून इबादानच्या रस्त्यांवर भिंतीच्या कडेकडेनं चालणारा. पण आज त्याला बाई ऐकूच आली नाही. काचेला नाक लावून तो बघत राहिला, आणि त्याच्या श्वासानं काचेवर वाफ धरली तशी भावाच्या पोटावर धुकं आलं. तोंड मात्र स्वच्छ दिसत होतं. हसरं.

भाऊ म्हणजे ताइवो. जुळा. हा ताइवो आठ महिन्यांचा असतानाच लाकडं आणायला गेला. आपल्यात जुळ्यातलं एक गेलं तर गेलं म्हणत नाहीत, लाकडं आणायला गेलंय म्हणतात. चौतीस वर्षं होत आली, लाकडं काही आली नाहीत. मग त्याचा फोटो निघाला कसा? तर तसा काढतात. जो मागं राहिला त्याला बाकाच्या एका अंगाला बसवायचं, मग दुसऱ्या अंगाला, आणि एका कागदावर दोघं. म्हणजे गेल्या आठवड्यात रौफूच्या बाकावर दोन्ही वेळेला केहिंदेच बसला होता. तोच निळा घोळदार झगा, तीच टोपी, तेच चिमटे काढणारे नवे बूट. कपाटात बसलेत ते दोघंही आपणच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण ठाऊक असून करता काय? उजवीकडं केहिंदे होता: हात गुडघ्यांवर खिळे ठोकल्यासारखे, मान बांबू, डोळे असे की आत्ताच शिपायानं विचारलंय, पोतं कुठं गेलं सांग. आणि डावीकडं ताइवो. तेच नाक, तीच हनुवटी, पण टोपी जराशी कलती, खांदे सैल, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू, कुणीतरी कानात काहीतरी चावट सांगून गेल्यासारखं. बघणाऱ्यानं दोघांतल्या एकाला जेवायला बोलवायचं ठरवलं असतं तर कुणाला बोलावलं असतं, हे सांगायला मापाडी लागत नव्हता.

"कसा आलाय?" रौफू दारात येऊन उभा राहिला. म्हातारा, बोटं औषधांनी काळी पडलेली, डोळ्यांच्या कडेला हसण्याच्या सुरकुत्या.

"कोण?"

"कोण काय? ताइवो. अरे, लोक थांबून बघतात. काल पोस्टातले मोठे साहेब थांबले. म्हणाले, माझापण असाच काढ."

"आणि मी कसा आलोय, रौफूबाबा?"

रौफूनं फोटोकडे पाहिलं. मान एकीकडं केली, मग दुसरीकडं. "तू पण आहेस की," तो म्हणाला.

समोरच्या बाजूला अबेके आपली इनॅमलची भांडी उतरंडीनं रचत होती. ती सगळं ऐकत होती. अबेके ऐकत नाही असं आगबेनीत काही बोललंच जात नाही. "अहो मापाडी!" ती तिथनंच ओरडली. "त्या डावीकडच्याचं लग्न झालंय का हो?" आजूबाजूच्या बाया खिदळल्या. "नसेल झालं तर माझं नाव सुचवा. उजवीकडचा नको, तो मला जोखून परत करील!" दीड वर्ष झालं, दर दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी तो तिच्याकडनं एक भांडं घेतो. घरात एकटा माणूस आणि तेवीस भांडी. दीड वर्षात तिला "हे केवढ्याला" सोडून दुसरं वाक्य त्याच्या तोंडातनं निघालेलं नाही. आणि हा आठ महिन्यांचा गेलेला पोरगा एकदा बाकावर काय बसला, तिनं लग्नापर्यंत नेलं. फोटो फडक्यात गुंडाळून रौफूनं हातात दिला तेव्हा केहिंदेला चौकटीचं वजन लागलं. बोटं सवयीनं अंदाज घेतात: सहा पौंड. त्यातले साडेपाच ताइवोचे.

कपाटातला ठेवून दुसरा छापलेला तो आईसाठी होता, आणि आईकडेच निघाला होता तो. खरं दुखणं तिथंच होतं. अबेकेची थट्टा एक वेळ माणूस गिळतो. पण आईच्या उजव्या डोळ्यावर दुधाची साय धरली त्याला दोन वर्षं झाली, आणि डाव्यावरही आता धरत चाललीय; पाऊसकाळापर्यंत तोही मिटेल म्हणतात. आई रडली नाही की काही नाही. फक्त म्हणाली, "दोघांना मोठं झालेलं एकदा शेजारी शेजारी बघते. मग डोळ्यांना कुठं जायचं तिथं जाऊ दे." जुना फोटो होता, दोघं चार वर्षांचे असतानाचा, तोही असाच एकाला दोनदा बसवून काढलेला, पण तो वाळवीनं खाल्ला. पुरता खाल्ला असता तरी बरं. वाळवीनं नेमका एक मुलगा खाल्ला आणि एक ठेवला. आईनं चौकट हातात घेतली, बघितली आणि म्हणाली, "ताइवोला नेलं गं बाई." ही कुठल्या खुणेवरनं म्हणतेय हे विचारायचा केहिंदेला धीर झाला नाही. राहिलेल्या मुलाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला होता. हा मी? की मला खाल्लं आणि हा तो? लहानपणी एकदा विचारलंही होतं, "आई, ह्यातला मी कोण?" तर आईनं हातातला पळा दाखवला आणि म्हणाली, "स्वतःला ओळखत नाहीस? मग जेवण कुणाला वाढू?" आणि दोन थाळ्या वाढल्या.

दोन थाळ्या. मापोच्या टेकडीचा चढ चढताना त्याला त्या थाळ्यांचा वास आला, ताडाच्या तेलात शिजलेल्या चवळीचा, हवेत नुसती उत्तरेकडची कोरडी धूळ असताना. आईनं सगळं दोन दोन घेतलं. दोन टोप्या घेतल्या, तर त्या दोन्ही एकावर एक घालून तो शाळेत जायचा. मास्तर म्हणायचे, तुमच्या दोघांपैकी एकानं तरी पाढे पाठ करावेत. चवळीचे वडे दोन वाट्यांत, आणि ताइवो जेवला की त्याची वाटी केहिंदेनं पुसून खायची. त्यामुळं गल्लीतल्या पोरांत तो सगळ्यांत जाडा होता. दोघांच्या नावानं एकटाच फुगत गेला. मार मात्र एकाच मुलापुरता. आई एक थोबाडीत द्यायची, आणि दुसऱ्या गालाला हात लावून म्हणायची, "ह्यानं काही केलं नाही." पहिल्यांदा तिच्याकडे लाकडाचा ताइवो होता, वीतभर उंच, बाहुलीसारखा, त्याला ती धुवायची, तेल लावायची, घास भरवायची. मग ती चर्चमध्ये जायला लागली. पाद्री म्हणाला, लाकडाला जेवू घालू नका. आई म्हणाली बरं, आणि कागदाला घालायला लागली. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे, मोठा केहिंदे. जन्माला मागनं आला तरी मोठा तोच, कारण जुळ्यातला मोठा धाकट्याला पुढं पाठवतो: जा रे, जग बघून ये, राहण्यासारखं आहे का सांग. ताइवो आला, बघितलं, रडून वर्दी दिली की या, ठीक आहे. मग केहिंदे सावकाश आला. आणि ज्यानं जग चाखून बघितलं तो आठ महिन्यांत उठून गेला. त्याला काय कळलं होतं ते मला कळलं नाही, असं केहिंदेला गोदामात कैक वेळा वाटायचं, पोती काट्यावर चढत असताना, काटा डुलत डुलत मधे यायच्या आधीच्या त्या एका क्षणाला. तो काय बघून गेला? मला का नाही सांगून गेला? मी तर त्याला पाठवला होता.

बेरेच्या चौकात फोटो खांद्यावरनं काखेत आला. चौकटीचा कोपरा बरगडीत टोचायला लागला, बहुतेक ताइवोच्या बाजूचा. सोडून दिला तर? हात सटकला म्हणायचं. काच फुटेल, कागद फाटेल, पुन्हा काढू. आणि ह्या खेपेला ताइवोला जरा दम देऊन बसवू. हे मनात आलं आणि केहिंदे जागीच थांबला. जुळ्या भावाला रस्त्यावर आपटणारा माणूस! त्यानं चौकट छातीशी दोन्ही हातांनी धरली. मग दुसरा विचार आला, पहिल्याहून वाईट, कारण तो सोपा होता. बोट फिरवायचं. बस. आई हा बघ, डावीकडचा मी, आणि तो उजवीकडचा, तो ताइवो. कुणाला कळणार होतं? नाक तेच. रौफू काही ओजेला आईच्या घरी येऊन साक्ष देणार नव्हता. हा विचार घेऊन केहिंदे शंभर पावलं चालला, आणि त्या शंभर पावलांत तो जरा हलकाही झाला. मग त्याला रौफूच्या बाकावरची ती बैठक आठवली आणि पाय पुन्हा जड झाले. त्या पोराला सगळ्या आयुष्यात असं ऐसपैस बसायला मिळालं ते एकदा. तेवढंही काढून घ्यायचं?

कारण ती बैठक आठवून त्याला अजून चोरी केल्यासारखं वाटत होतं. रौफूनं बाकाच्या मधोमध खडूची रेघ मारली होती. "ही हद्द. तू मोठा, तू उजवीकडं. कोपर ह्या रेघेपलीकडं गेलं तर भावाच्या पोटात घुसेल आणि दोघंही बिघडाल." पेटीच्या तोंडावर अर्धं झाकण लावलं, काळ्या कापडात शिरला आणि आतनं ओरडायला लागला, "मान वर! एवढी नाही! अरे कोकोवाल्या, फोटो काढतोय, दात नाही काढत! हात गुडघ्यांवर! श्वास घे! घेतलास तो ठेव!" केहिंदेनं ठेवला. तो पोटात ठेवून बसला असताना त्याला सगळं आठवलं: घरमालक, गोदामातला नवा गोरा साहेब, बूट, आणि आई हा फोटो बघणार आहे. खटका पडला. मग रौफू बाहेर आला आणि एकदम हळू आवाजात म्हणाला, "आता तू बाहेर जा. पेटीला धक्का लावू नकोस. ताइवोनं आपल्या पायांनी आत यायला पाहिजे." म्हणून केहिंदे बाहेर गेला. उन्हात, दाराबाहेर, नव्या बुटांत, काय करावं ते न कळून उभा राहिला. समोरनं अबेके म्हणाली, "काय हो मापाडी, फोटो काढायला गेलात की पेटीला भिऊन पळून आलात?" आणि तिनं रौफूच्या बाकावर बसलेल्या माणसाची अशी हुबेहूब नक्कल केली, गुडघ्यांवर पातेली ठेवून, डोळे वटारून, की केहिंदेच्या पोटातला तो ठेवलेला श्वास हसू होऊन फुटला. तेवढ्यात आतनं हाक आली. "ताइवो! या. या, आत या. किती वर्षांनी!" अहोजाहो. केहिंदेला रौफूनं उभ्या जन्मात अहो म्हटलं नव्हतं. "बसा. कसंही बसा. दमून आला असाल." आणि केहिंदे कसाही बसला. ताइवोकडे कुणाचं काही नव्हतं. त्याला साहेब नव्हता, घरमालक नव्हता, तेवीस भांडी नव्हती. त्याच्या खांद्यांवर कधी कुणी काही ठेवलंच नव्हतं, त्यामुळं ते खाली आले. आपल्या अंगात एवढी जागा आहे हे केहिंदेला तेव्हा कळलं. खटका कधी पडला ते कळलंही नाही. रौफूला सांगावं लागलं, "झालं, उठा आता." आणि तो उठेना. चौतीस वर्षांत इतकं सुखानं बसलो नव्हतो, आणि बसलो ते दुसऱ्याच्या नावावर.

म्हणजे आईला काय दिसणार ते स्पष्ट होतं. तिच्या सायीतनं उरलेल्या तेवढ्याशा फटीतनं तिला दिसणार, की हसरा होता तो गेला आणि हा खांब मागं राहिला. ती बोलणार नाही. दोन थाळ्या वाढेल. पण चौतीस वर्षं जी शंका कुणी काढली नाही ती फोटोत छापून निघाली होती, आणि तो ती स्वतःच्या हातानं, फडक्यात गुंडाळून नेत होता. ओजेच्या बोळात वळताना त्याला वाटलं, आईचे डोळे जरा लवकर गेले असते तर. मग ह्या विचारानं तो इतका घाबरला, की दाराच्या चौकटीला डोकं आपटूनच आत गेला.

"डोकं फोडत आलास का? आला म्हणजे केहिंदेच," आई चटईवरनं म्हणाली. त्यानं जमिनीवर पालथं पडून नमस्कार केला. "ऊठ. आणलंस? दोघांना?"

"आणलं."

"मग दे की. तोंड असं का केलंस? दिसत नाही मला, पण ऐकू येतंय."

ती चौकट घेऊन दारापाशी सरकली, जिथं उजेड होता. नाक काचेला टेकवलं, मग डावा डोळा. पक्ष्यासारखं डोकं तिरकं करून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. केहिंदेनं ठरवलं होतं, बोलायचं नाही. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर हात ठेवून तो बसला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती. आईचं बोट काचेवरनं सरकत उजवीकडच्या माणसापाशी आलं, थांबलं, आणि तिच्या घशातनं एक आवाज निघाला.

"अगं बाई," ती म्हणाली. "माझा ताइवो. कसा अवघडलाय बघ."

केहिंदेला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोण?"

"हा. बघ ना, हात कुठं ठेवावेत तेसुद्धा कळत नाहीय. आणि कळणार कसं? एवढासा होता. मोठ्या माणसासारखं त्याला कुणी कधी बाकावर बसवलंय? कुणी ओळखीचं नाही, पेटी समोर, म्हातारा अंगावर ओरडतोय. ओरडला ना रौफू?"

"ओरडला."

"मेल्याला जाऊन सांगते मी. पोर इतक्या वर्षांनी घरी आलं आणि हा ओरडतो." तिनं पदराच्या टोकानं उजवीकडच्या माणसाचं तोंड पुसलं. मग बोट डावीकडं गेलं आणि ती हसली. "आणि हा लबाड. तू नाही बदललास. टब भरला की असाच तिरका हसायचास, पाण्याकडं बघून, आणि मग मलाच भिजवायचास."

"आई." केहिंदेच्या अंगातला मापाडी गप्प बसेना. "आई, ते तसं नाही. डावीकडं बसलो तेव्हा मी... रौफूबाबानं मला ताइवो म्हणून..."

"रौफूनं?" आईनं मान वर केली. साय धरलेला डोळा आणि न धरलेला, दोन्ही त्याच्यावर रोखले. "तुम्हाला जन्म मी दिला की रौफूनं?"

"तू."

"मग मला शिकवू नकोस कोण कुठला ते." ती पुन्हा काचेकडे वळली. "एक सांग. हसताना समोर कोण होतं?"

"रौफूबाबा. दुसरं कोण असणार."

"रौफूचं थोबाड बघून असं कोण हसतं? मी आंधळी होत चाललेय, खुळी नाही." बाहेर शेळी पुन्हा ओरडली. "बाजारातली ना? काय विकते ती बाई?"

"भांडी," केहिंदे म्हणाला, आणि त्याचं तोंड त्याला न विचारता डावीकडं तिरकं झालं.

"तरीच. माझ्याकडं सहा आणून टाकलीस. मला वाटलं, पोराचं डोकं फिरलं." आई उठली. भिंतीला धरून चुलीपाशी गेली आणि चवळी वाढून आणली, दोन थाळ्या, सवयीनं, न सांडता. एक केहिंदेपुढं ठेवली. चौकट भिंतीला टेकवून दुसरी थाळी तिच्यापुढं ठेवली, जरा उजवीकडं सरकवून, त्या ताठ बसलेल्या माणसासमोर. मग ती त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि त्याच्या काचेतल्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सैल बस रे बाळा," ती त्याला म्हणाली. "घर आपलंच आहे."

भिंतीला पाठ लावून बसलेल्या केहिंदेनं एकदा फोटोकडे बघितलं, एकदा आईच्या पाठीकडे. मग पायांतले बूट काढले, ओळीनं न लावता तसेच पडू दिले, आणि पाय लांब केले.